दोन बाळंतपणांनंतर स्तनांची लिफ्ट आणि इम्प्लांट एकाच वेळी करावं का?

तुम्ही लिहिलंय की वय 38, दोन मुलं, छाती ओघळलीय आणि डॉक्टर दोन्ही एकाच ऑपरेशनात करू म्हणतायत. मी गुहागरकडची. हेच डोक्यात घेऊन पुण्याला गेले होते आणि नुसती लिफ्ट करून परत आले.

डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा विचारलं, "ब्रा घातल्यावर आरशात दिसतं ते पुरेसं वाटतं का?" म्हटलं, हो, तेवढं झालं तरी बस. "मग भर कशाला घालताय? आहे ते फक्त खाली गेलंय." लिफ्टमध्ये जास्तीची कातडी काढून स्तनाग्र वर बसवतात. इम्प्लांट, म्हणजे आत बसवलेली कृत्रिम पिशवी, भर घालतं, फार ओघळलेलं वर आणत नाही. ब्रा घालूनही वरचा भाग रिकामा दिसत असेल, तरच दोन्हीचा विचार करा.

दोन्ही एकदम केलेल्या बायका खूश नसतात असं नाही. भूल एकदाच, रजा एकदाच, हा फायदा मोठा. पण पोलकं घट्ट शिवायचं आणि त्याच दिवशी आत उशी कोंबायची, तसा तो प्रकार: लिफ्ट कातडी आवळते, इम्प्लांट तीच आतून ताणतं. म्हणून काही सर्जन मध्ये काही महिने जाऊ देऊन दोन टप्प्यांत करतात. तुमच्या डॉक्टरांना विचारा, एकत्र केलेल्यांपैकी किती जणी पुन्हा टेबलावर येतात?

इम्प्लांट जन्मभर टिकत नाही. अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) 2021 मध्ये तसा ठळक इशारा सक्तीचा केला. सिलिकॉनचं असेल तर आतून फाटलंय का हे बघायला 5-6 वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी, मग दर 2-3 वर्षांनी, त्रास नसला तरी. मला तेव्हा तपासणीच्या फेऱ्या आणि मुंबई-गोवा हायवेचे खड्डेच डोळ्यांसमोर आले.

आता जे आपल्याकडे कुणी बोलत नाही ते. "सिगरेट?" विचारल्यावर मी तोऱ्यात "छे" म्हटलं. नर्सचं लक्ष माझ्या तर्जनीकडे गेलं. टोक काळपट. "मशेरी लावता ना?" तारीख दीड महिना पुढे गेली! मशेरी म्हणजे तंबाखूच. निकोटीननं रक्तवाहिन्या आकसतात, स्तनाग्राला रक्त कमी पोचलं तर तो भाग काळा पडून जाऊ शकतो. तुम्ही लावत असाल तर लपवू नका, सासूबाई शेजारी बसल्या असल्या तरी.

माझे टाके उलट्या टी आकाराचे: स्तनाग्राच्या काळ्या भागाभोवती, तिथून खाली आणि स्तनाखालच्या घडीतून आडवे. तीन रेघा मिळतात तिथे रुपयाएवढी जखम उघडली, तीन आठवडे ओली राहिली. डॉक्टर म्हणाल्या, तिथेच ताण जास्त, असं होतं. डिसेंबर होता म्हणून बरं, मे महिन्याच्या घामात त्या घडीचं काय झालं असतं कोण जाणे. सहा आठवडे हंडा, कळशी, नारळाची पाटी काहीही उचललं नाही. जाऊबाईंना खरं कारण अजून माहीत नाही.

सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी आहे ना, ते बघा. नुसत्या दिसण्यासाठीच्या ऑपरेशनला मेडिक्लेम मिळत नाही, वर 18 टक्के जीएसटी. कोटेशन लेखी घ्या, आणि पुन्हा ऑपरेशन लागलं तर खर्च कोणाचा, तेही त्यातच लिहून घ्या.