शेततळ्याजवळ मधमाश्या-फुलपाखरांसाठी कोणतं देशी फुलझाड लावावं?

दादा, ओलीत टिकणारं देशी झाड विचारलंय तर मी आधी तालीमखानाच सांगीन, काही जण त्याला कोळसुंदा म्हणतात. फक्त एक बघा, प्लास्टिक कागद टाकलेल्या शेततळ्याची कड कोरडीच राहती, तिथं नका लावू, हातपंपाचं नाहीतर मोटारीचं पाणी साचतं ती चारी निवडा, आपली काळी चिकट माती त्याला लई मानवती.

बी तळ्याकाठच्या वाळलेल्या झाडावरून ताजं काढा. ओलं झालं की ते बुळबुळीत होऊन बोटाला चिकटतं, म्हणून कोरड्या वाळूत मिसळायचं आणि जून-जुलैत चांगला पाऊस झाला की चिखलावर नुसतं फेकायचं, खोल पुरायचं नाही. दिवाळीच्या आसपास जांभळी फुलं येतात, मधमाश्या अन् भुंगे दोन्ही येतात, आणि मयूर भिरभिरी फुलपाखराच्या अळ्या याची पानं खातात, तेव्हा पानं कुरतडलेली दिसली तरी फवारा मारू नका, प्लीज.

पेरापेराला लांब पिवळे काटे असतात, लेकरं खेळतात तिथं नको. आणि जांभळं फूल दिसलं म्हणून बेशरम किंवा जलपर्णी आणून लावू नका, दोन्ही दक्षिण अमेरिकेतून आलेल्या.