अशिक्षित बायकांना ट्रेनिंग देऊन गावाचं आरोग्य खरंच सुधारतं का?

सुधारतं की, नगर जिल्ह्यातल्या जामखेडचंच बघा ना. 1970 ला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे तिथे गेले, खेड्यात राहायला नर्स तयार होईनात, मग गावानेच निवडलेल्या बायकांना शिकवायला सुरुवात केली, त्यातल्या बऱ्याच जणींना लिहिता-वाचताही येत नव्हतं. बाळंतपण कसं करायचं, जुलाब झाले की मीठ-साखरेचं पाणी, कुष्ठरोगाचे चट्टे ओळखणं, असं सगळं. आणि हे एकदाच ट्रेनिंग देऊन सोडून दिलं असं नाही हं, त्या जामखेडला परत परत येऊन शिकायच्या, मला तर खरी गंमत तिथेच वाटते. पुढे गडचिरोलीत डॉ. बंग दांपत्याने गावातल्या बायकांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. गावोगावी दिसणाऱ्या आशा ताई, म्हणजे सरकारी योजनेतल्या आरोग्य कार्यकर्त्या, त्या तर या सगळ्यानंतर, 2005 नंतर आल्या.