घरी थ्रीडी प्रिंट केलेले ब्लॉक लेगोला बसतील का? मापं काय ठेवायची?

बसतील, फक्त मापात ढिलाई चालत नाही. दोन स्टडच्या (विटेवरच्या गोल उंचवट्यांच्या) मध्यांमधलं अंतर ८ मिमी, स्टडचा व्यास ४.८, विटेची उंची ९.६ आणि चपट्या प्लेटची ३.२, म्हणजे तीन प्लेट एकावर एक ठेवल्या की बरोबर एक वीट. आता खरी गंमत बघा, पाच प्लेटची उंची होते १६ मिमी आणि दोन स्टडची रुंदीही तेवढीच, म्हणून आडवे लावलेले ब्लॉकही उभ्यांशी जुळतात, मला तर हे डिझाईन फार आवडतं.

पण एका स्टडची वीट पूर्ण ८ मिमी रुंद करू नका हं, ७.८ ठेवा, प्रत्येक बाजूला ०.१ मोकळं सोडायचं नाहीतर ओळीत लावताना अडकतात. पकड येते ती स्टड वरच्या विटेच्या पोटातल्या नळ्या आणि भिंतींमध्ये घट्ट दाबून बसल्यामुळे, याचं पेटंट लेगोने १९५८ सालीच केलं आणि तेव्हाच्या विटा आजच्यांना बसतात!

घरच्या प्रिंटरला इतकी अचूकता जमत नाही, त्यामुळे आधी ४.७, ४.८, ४.९ अशा स्टडचे छोटे तुकडे काढून खऱ्या विटेत दाबून बघा, मग जो नीट बसेल तोच आकडा सगळीकडे वापरा. फिलामेंट (प्रिंटरमधला प्लॅस्टिकचा धागा) बदललं तर परत तपासा.