घरात खेळणाऱ्या मुलांचे मोबाइलवरचे फोटो हललेले का येतात?

मोबाइल बिघडलेला नाही, उजेड कमी पडतोय. संध्याकाळी दिव्याखाली कॅमेरा एका फोटोसाठी १/३० सेकंद किंवा जास्त वेळ घेतो. तेवढ्यात मूल मान वळवून मोकळं होतं. धावतं मूल स्पष्ट हवं तर शटर, म्हणजे एका फोटोसाठी कॅमेरा उघडा राहतो तो वेळ, १/२५० सेकंदाच्या आसपास लागतं. कॅमेऱ्यात प्रो मोड (सेटिंग स्वतः ठरवायची सोय) असेल तर शटर तिथे ठेवा, आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते) ऑटोवर सोडा. फोटोत थोडे दाणे दिसतील, दिसू देत. नाइट मोड मात्र बंदच ठेवा. तो अनेक फ्रेम जोडतो, त्यात हलत्या चेहऱ्याचा पार विचका होतो.

खरं तर दिवसा खिडकीजवळ फोटो काढलात तर यातलं बरंचसं करावंच लागत नाही. मुलाचं तोंड खिडकीकडे, तुम्ही जरा बाजूला, खाली बसून. दिवे बंद करा, नाहीतर एक गाल पिवळा आणि दुसरा निळसर येतो. आणि कृपा करून ‘इकडे बघ’ म्हणू नका! बुटाची नाडी बांधताना जीभ बाहेर आलेला तो चेहरा हाक मारली की गेलाच. बर्स्टवर, म्हणजे एकापाठोपाठ झटपट, पाच-सहा काढा, त्याच रात्री एखादा ठेवून बाकीचे उडवा.