मानांकन, क्रमवारी आणि तिसरी मान

भाच्याने अमेरिकेतून विचारलंय: "मामा, ओहायोत कोलंबसला आल्यापासून कॉलेज फुटबॉलचं वेड लागलंय. आमच्या मराठी पोरांच्या ग्रुपवर प्लेऑफच्या, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीच्या, रँकिंगवरून रोज भांडणं होतात, आणि ती मराठीतच होतात. पण रँकिंगला कोणी मानांकन म्हणतं, सीडिंगलाही मानांकन म्हणतं, एकजण तर दोन्हीला नामांकन म्हणतो. बरोबर काय? आणि बायला, म्हणजे एखादी फेरी न खेळता पुढे जाण्याला, मराठीत काय म्हणायचं?"

आधी नामांकन हद्दपार करा. पुरस्कारासाठी नाव सुचवलं की ते नामांकन, बस. एखाद्या विद्यापीठाच्या संघाबद्दल "बॉयसी स्टेटला तिसरं नामांकन" असं वाचलं की माझं टाळकंच सरकतं, कारण यात नुसती म आणि न ची अदलाबदल नाहीये, आख्खा अर्थ उलटा होतो. नामांकनात नाव फक्त यादीत जातं, तिथे पहिलं-तिसरं असं काही नसतंच. हल्ली हे टीव्हीवर ऐकतो, पेपरात वाचतो, आणि कोणाला काही खटकतही नाही.

आता रँकिंग म्हणजे क्रमवारी आणि सीडिंग म्हणजे मानांकन. मराठी क्रीडापानांनी टेनिससाठी हा फरक कितीतरी वर्षं नीट पाळलाय, जागतिक क्रमवारीत सातवा असलेला खेळाडू वरचे दोघे आलेच नाहीत तर स्पर्धेत पाचवा मानांकित होतो. सीड म्हणजे बी आणि तगडे खेळाडू ड्रॉमध्ये लांब लांब पेरायचे म्हणून सीडिंग, हे सगळ्यांना माहीत असतं, त्यात वेळ घालवत नाही. "दोन्ही एकच हो, कशाला किस काढता" म्हणणाऱ्यांना २०२४ चा प्लेऑफ दाखवायचा. त्या वर्षी पहिल्यांदा १२ संघ होते आणि नियम असा होता की पहिली चार मानांकनं कॉन्फरन्स, म्हणजे विद्यापीठांचा आपापला गट, जिंकणाऱ्यांनाच. त्यामुळे क्रमवारीत ९ वं असलेलं बॉयसी स्टेट ३ रं मानांकित झालं, १२ वं अॅरिझोना स्टेट ४ थं, आणि क्रमवारीत ३ रं असलेल्या टेक्ससला ५ वं मानांकन. क्लेमसन १६ वं होतं, ते कॉन्फरन्स जिंकून १२ वं मानांकन घेऊन आत आलं आणि ११ व्या क्रमांकाचं अलाबामा घरी बसलं. आता यात रँकिंग आणि सीडिंग दोन्हीला मानांकन म्हणून बघा, वाक्यच उभं राहत नाही. २०२५ पासून पहिल्या चार मानांकनांची ती सवलत काढली, मानांकन सरळ क्रमवारीप्रमाणे, तरी क्रमवारीत २० वं असलेलं टुलेन ११ वं मानांकित आणि २४ वं जेम्स मॅडिसन १२ वं, कारण पाच कॉन्फरन्स विजेत्यांना जागा द्यायचीच असते. म्हणजे फरक अजून जिवंत आहे.

हे झालं उत्तर. पण खरी मजा मानांकन या शब्दातल्या "मान"मध्ये आहे, आणि ती कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतो.

मराठीत मान तीन आहेत आणि तिघांचं लिंग वेगळं. तो मान म्हणजे आदर. ते मान म्हणजे माप, तापमान वाढलं, पर्जन्यमान घटलं, वेतनमान सुधारलं. आणि ती मान, म्हणजे खांद्यावरची. पहिले दोन एकाच मुळातून आले, आदर म्हणजे शेवटी माणसाचं मोजमापच, असं ठोकून देणारे विद्वान मला भेटलेत. साफ चूक आहे. धातुपाठात "मा माने" वेगळा, "मान पूजायाम्" वेगळा. मा म्हणजे मोजणे, त्याला ल्युट् लागून मानम् झालं आणि ल्युट् लागलेले असे शब्द नपुंसक असतात, जसं गमन, पान, दान. आदराचा मान घञ् वाला, घञ् वाले पुल्लिंगी, जसं त्याग, पाक, राग. लिंगातच व्युत्पत्ती लिहून ठेवलीये आणि तरी हे लोक दोन्ही एक करतात! संस्कृतातून मराठीत येऊनही ते लिंग हललं नाही. आपली आजी व्याकरण न शिकता "त्याला मान दिला" आणि "तापमान वाढलं" बरोबर म्हणायची ती उगाच नाही.

मग मानांकनातला मान कोणता? शेवटी अंकन आल्यामुळे आख्खा शब्द नपुंसक होतो आणि आतल्या मानाचं लिंग झाकलं जातं. शाळेच्या फाटकावर "आयएसओ मानांकित शाळा" अशी पाटी असते तिथे माप आहे, ठरलेल्या मापाला उतरल्याचा शिक्का. विम्बल्डनच्या पहिल्या मानांकितात मात्र मला आदर दिसतो, कसब्याच्या गणपतीला पुण्यात पहिला मान असतो तसा, तिथे मूर्तीची उंची कोणी मोजत नाही. एकाच शब्दात दोन्ही मान राहतात, आणि माझं ठाम मत आहे की कॉलेज फुटबॉलमधलं आख्खं भांडण हे या दोन मानांचं भांडण आहे. तिकडचे लोक "बेस्ट" (मापाने मोठा) की "डिझर्व्हिंग" (मानाचा हक्कदार) म्हणून वर्षानुवर्षं घसा कोरडा करतात, ते आपल्याकडे एका शब्दात मावतं.

२०२३ चं फ्लोरिडा स्टेट घ्या. १३ पैकी १३ सामने जिंकले, कॉन्फरन्सही जिंकली, पण क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिस नोव्हेंबरात जखमी झाला. तेव्हा चारच संघ घ्यायचे होते, संघ निवडणाऱ्या समितीने यांना ५ वं ठेवलं आणि एक सामना हरलेल्या अलाबामाला ४ थं. तो मान फ्लोरिडा स्टेटचा होता, ते मान समितीला अलाबामाचं मोठं वाटलं. पुढच्याच वर्षी उलट झालं. एसएमयू विद्यापीठ ११-२ (अकरा जिंकले, दोन हरले), कॉन्फरन्सच्या फायनलला क्लेमसनकडून ३४-३१ ने हरलेलं, आणि अलाबामा ९-३, जॉर्जियाला हरवलेलं पण व्हँडरबिल्ट आणि ओक्लाहोमाकडून मार खाल्लेलं. यावेळी समितीने एसएमयूचा मान राखला. भाच्याच्या ग्रुपवर त्या रात्री दीडशे मेसेज पडले होते म्हणे, आणि सगळ्यांना एकच गोष्ट म्हणायची होती की बाबांनो, एकदा काय ते ठरवा.

ठरवा वरून आठवलं. क्रमवारी "ठरते" की "ठरवतात"? दोन्ही क्रियापदं मराठीत आहेत आणि या खेळाचा इतिहास त्यांच्यात बसतो. १९३६ पासून असोसिएटेड प्रेसचा पोल आहे, पत्रकार मतं देतात. पोल या इंग्रजी शब्दाचा जुना अर्थ डोकं, डोकी मोजणे म्हणून पोल, आपण जनगणनेला शिरगणती म्हणायचो अगदी तसंच. मग १९९८ ते २०१३ बीसीएस नावाची पद्धत होती, पोल आणि कॉम्प्युटर मिळून सूत्र. तेव्हा क्रमवारी ठरायची, आकडे टाकले की बाहेर पडायची, शिव्या द्यायला माणूस सापडायचा नाही. २०१४ पासून १३ जणांची समिती, तेव्हापासून क्रमवारी ठरवतात. म्हणून "क्रमवारी अशी ठरली" असं आता लिहू नका, ठरवणारी माणसं आहेत, त्यांना वाक्यात आणा.

आणि ठरवतात कशी ते बघण्यासारखं आहे. टेक्ससमध्ये ग्रेपव्हाइनच्या एका हॉटेलात बसतात. आधी प्रत्येकजण ३० संघांची यादी देतो, क्रम न लावता, आणि तिघांच्या तरी यादीत असलेले संघ चर्चेला येतात. मग प्रत्येकाने त्यातले सर्वोत्तम सहा निवडायचे, सर्वात जास्त मतांचे सहा पुढे घ्यायचे, त्या सहांना प्रत्येकाने एक ते सहा नंबर द्यायचे, बेरीज सगळ्यात कमी असलेले तीन यादीत पक्के आणि उरलेले तीन थांबतात, त्यांच्यात नवे तीन येऊन मिळतात, पुन्हा नंबर. पहिले नऊ पक्के झाले की सहाऐवजी आठ आणि तीनऐवजी चार, असं २५ होईपर्यंत. मतदान गुप्त. स्वतःच्या विद्यापीठाचा विषय निघाला की त्या सदस्याने उठून खोलीबाहेर जायचं. मंगळवारी संध्याकाळी तिकडे यादी जाहीर होते तेव्हा आपल्याकडे बुधवारची पहाट असते. मी गेल्या नोव्हेंबरात दोनदा साडेपाचला उठून भाच्यासोबत फोनवर बघितली, चहा निवला तरी त्याचं "मामा, हे काय आहे" चालूच.

त्या पहाटेच मला या सगळ्याला चपखल असा मराठी शब्दप्रयोग सापडला, तो म्हणजे "त्या मानाने". आई मंडईतून आली की म्हणायची, "पावसाच्या मानाने मेथी बरी मिळाली." वयाच्या मानाने उंच, पगाराच्या मानाने खर्च जास्त. हे माप आहे, पण नुसतं माप नाही, कशाच्या तरी शेजारी ठेवून घेतलेलं माप. समितीच्या नियमात स्ट्रेंथ ऑफ शेड्यूल म्हणून जे आहे, म्हणजे समोरचे संघ किती तगडे होते, ते याचसाठी, वेळापत्रकाच्या मानाने संघ कसा खेळला ते बघायला. २०२५ पासून रेकॉर्ड स्ट्रेंथ नावाचा आकडाही आणलाय, तोही तेच विचारतो. "वेळापत्रकाची ताकद", "वेळापत्रकाचं सामर्थ्य" असली भाषांतरं मी वाचलीत, वाचवत नाहीत. वेळापत्रकाला कसली ताकद? "अलाबामाने तीन सामने घालवले, पण वेळापत्रकाच्या मानाने बरंच केलं" असं म्हणा, आपल्या बाबांनाही फुटबॉल न बघता कळेल.

आता तिसरी मान, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. ही मान संस्कृत मन्या या शब्दापासून आली, मन्या म्हणजे मानेची मागची बाजू. हिचा आदराशी संबंध नाही आणि मापाशीही नाही. पण समिती आणखी एक गोष्ट करते, जिला सगळे आय टेस्ट म्हणतात, म्हणजे आकडे बाजूला ठेवून सामना बघायचा आणि संघ कसा वाटतो ते सांगायचं. गाण्याच्या मैफलीत जाणकार काय करतो? मान डोलावतो. का डोलावली ते विचारलं तर सांगता येत नाही, पण डोलते. माझ्या मते आय टेस्टला मराठी प्रतिशब्द हाच, समितीची मान डोलली. "दृष्टी-चाचणी" म्हणणाऱ्यांनी चष्म्याच्या दुकानात जावं.

तिन्ही एका ठिकाणी बघायच्या असतील तर २०२५ चं नोटर डेम आणि मायामी. दोघंही १०-२, म्हणजे ते मान सारखंच. ऑगस्टअखेरीस मायामीने नोटर डेमला २७-२४ ने हरवलेलं, म्हणजे तो मान मायामीचा, आमनेसामने जिंकलेत. पण समितीने आठवड्यामागून आठवडे नोटर डेमलाच वर ठेवलं, मान तिकडे डोलत होती. शेवटच्या यादीत, त्या आठवड्यात दोघांपैकी कोणीही न खेळता, मायामी १० वं आणि नोटर डेम ११ वं. का? तर दोघांच्या मध्ये असलेलं बीवाययू विद्यापीठ हरून खाली गेलं, दोघं एकमेकांशेजारी आले आणि मग आमनेसामनेचा निकाल बघितला. म्हणजे शेजारी येईपर्यंत तो बघायचाच नाही? हे मला अजिबात पटलेलं नाही. ऑगस्टातला विजय नोव्हेंबरातही विजयच असतो. नोटर डेमने मग बोल सामन्याचं, म्हणजे प्लेऑफबाहेरच्या हंगामाअखेरच्या सामन्याचं, आमंत्रणही नाकारलं, लग्नात मानपान झालं नाही की सोयरे पंगतीतून उठतात तसं. आणि मायामी थेट फायनलपर्यंत गेलं, इंडियानाकडून २७-२१ ने हरलं.

तर भाच्या, ग्रुपवर कोणी "मानांकन चुकीचं आहे" म्हणालं की विचार, कोणता मान, तो, ते की ती? निम्मी भांडणं तिथेच मिटतील, कारण निम्म्या वेळा एकजण तो मान म्हणत असतो आणि दुसरा ते मान.

बाय राहिलंच. त्याला "पुढे चाल". खो-खो, कबड्डीच्या स्पर्धांत तेच म्हणतात. "बॉयसी स्टेटला पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली." २०२४ च्या प्लेऑफमध्ये पुढे चाल मिळालेले चारही संघ पुढच्याच सामन्यात हरले, आणि जिंकलं ते तुझंच ओहायो स्टेट, ८ वं मानांकित, क्रमवारीत ६ वं.