मुलाखत झाली, उत्तर आले नाही

अमेरिकेतील वैद्यकीय प्रवेशाविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या मुलीने गेल्या जूनमध्ये १९ मेडिकल स्कूलांकडे अर्ज केले. चार ठिकाणी मुलाखती झाल्या. एका ठिकाणाहून नकार आला, दोन ठिकाणी तिला प्रतीक्षा यादीत ठेवले आहे, आणि चौथ्या ठिकाणी नोव्हेंबरमध्ये मुलाखत होऊनही आज मार्चच्या अखेरीपर्यंत काहीच कळवलेले नाही. ती दर तासाला पोर्टल उघडून पाहते आणि जेवायला हाक मारली तरी खाली येत नाही. पुण्याहून सासूबाईंचा दर रविवारी फोन येतो, त्यांचाही पहिला प्रश्न तोच असतो. मुलाखतीत तिचे काय चुकले असेल? आमच्या ओळखीचे एक डॉक्टर त्यांपैकी एका संस्थेच्या रुग्णालयात आहेत, त्यांना शब्द टाकायला सांगावे का? आम्ही आईवडिलांनी निवड समितीला पत्र लिहिले तर उपयोग होईल का?
— एक आई, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : आपल्या शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे आधी देते, कारण हा अंक हाती पडेपर्यंत आपण तसे करून बसाल अशी मला काळजी वाटते. ओळखीच्या डॉक्टरांना शब्द टाकायला सांगू नका आणि समितीला आईवडिलांच्या नावाने पत्रही पाठवू नका. मी स्वतः काही वर्षे एका मेडिकल स्कूलसाठी उमेदवारांच्या मुलाखती घेतल्या आहेत. ज्या मुलीला उद्या एकटीने रुग्णाच्या खाटेजवळ उभे राहून वाईट बातमी सांगायची आहे, तिच्या वतीने आज दुसरे कोणी बोलू लागले, तर अर्ज वाचताना मनात आलाही नव्हता असा प्रश्न समितीच्या मनात उभा राहतो, की हिचे निर्णय कोण घेते, ही की हिच्या घरचे? आपला हेतू मायेचा आहे हे मला पूर्ण कळते. ज्यांच्या हातात ते पत्र पडेल त्यांना मात्र ते कळण्याची सोय नसते.

आता प्रतीक्षा यादीविषयी. एम.डी. (अमेरिकेत ही डॉक्टरकीची पहिलीच पदवी) देणाऱ्या अमेरिकी मेडिकल स्कूलांकडे अलीकडच्या वर्षांत दरसाल सुमारे ५२ हजार उमेदवार अर्ज करतात आणि त्यांतील सुमारे २३ हजार जण प्रत्यक्ष शिकायला जातात. म्हणजे प्रवेश न मिळालेले अर्जदार मिळालेल्यांपेक्षा जास्त असतात, आणि त्यांत अतिशय हुशार मुले असतात. नेहमीच्या प्रक्रियेतील उमेदवारांना १५ ऑक्टोबरपासून प्रवेश देऊ करता येतो, आणि १५ मार्चपर्यंत प्रत्येक संस्थेने निदान आपल्या जागांइतक्या उमेदवारांना तरी प्रवेश देऊ केलेला असावा अशी अपेक्षा असते. मात्र एखाद्या उमेदवाराच्या हाती तीन-चार ठिकाणचे प्रवेश असतात आणि तो कोठे जाणार हे त्याचे त्यालाही ठरवता आलेले नसते. असे अनेक प्रवेश हाती असलेल्यांनी ३० एप्रिलपर्यंत एक ठेवून बाकीचे सोडणे अपेक्षित आहे. ते सोडले गेले की जागा मोकळ्या होतात आणि तेव्हा कोठे प्रतीक्षा यादी हलू लागते, ती मे आणि जून महिन्यांत, आणि काही ठिकाणी जुलै-ऑगस्टमध्ये वर्ग सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यापर्यंतही. त्यामुळे मार्चमधील शांततेवरून आपल्या मुलीविषयी काहीही निष्कर्ष काढता येत नाही. यादीतील ज्या जागेची ती वाट पाहत आहे, ती आज दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर आहे आणि त्या दुसऱ्याचा निर्णय व्हायचा आहे.

याच कारणाने ‘मुलाखतीत काय चुकले’ हा प्रश्न आपण घरात विचारू नये अशी माझी विनंती आहे. बहुतेक संस्था प्रवेश देण्यास योग्य वाटलेल्या उमेदवारांनाच या यादीत ठेवतात. काही ठिकाणी यादीला क्रम असतो, काही ठिकाणी दोन-तीन गट असतात, आणि काही ठिकाणी जागा मोकळी झाल्यावर समिती सर्व नावे पुन्हा पाहून वर्गाला त्या वेळी कोणाची गरज आहे हे ठरवते. मुलीने हजार वेळा मुलाखत आठवून पाहिली तरी यातले काहीही तिला तेथे सापडणार नाही.

तिने करण्यासारखे मात्र बरेच आहे, आणि ते तिनेच करावे. यादीत राहण्याची इच्छा आहे असे अनेक संस्थांच्या पोर्टलवर स्वतः नोंदवावे लागते आणि त्याला मुदत असते, तेव्हा ते आधी पाहावे. नंतर पाठवलेली पत्रे स्वीकारली जातात का, हे प्रत्येक संस्थेच्या सूचनांमध्ये शोधावे. जेथे नको म्हटले आहे तेथे एक ओळही पाठवू नये, कारण सूचना वाचून पाळणे हीसुद्धा तिची परीक्षाच आहे. जेथे चालते तेथे अर्जानंतर खरोखर नवे काही घडले असेल तर ते थोडक्यात कळवावे: सत्राचे गुण, सुरू केलेले काम, पूर्ण झालेले संशोधन. ‘प्रवेश दिलात तर मी इतर सर्व सोडून आपल्याकडेच येईन’ असे सांगणारे पत्र वेगळे. ते कायद्याने बांधत नसले तरी तो दिलेला शब्द आहे, म्हणून ते एकाच संस्थेला जावे. दोन संस्थांना तेच वचन देणाऱ्या उमेदवाराविषयी मला कधीही आदर वाटला नाही. चौथ्या, गप्प असलेल्या संस्थेला तिने चार ओळींचा नम्र ईमेल पाठवून विचारण्यास हरकत नाही, अर्थात त्यांनी तशी चौकशी करू नये असे लिहिलेले नसेल तर.

आणि आता आपल्याकडे काय उरते, तर घर. सासूबाईंना आपणच सांगावे, की काही कळले तर ती स्वतः तुम्हाला पहिला फोन करील, तोवर तिला अभ्यासाचे काही विचारू नका, आंब्यांचे विचारा. प्रवेशाची बातमी बहुतेकदा ईमेलने किंवा फोनने येते, त्यामुळे पोर्टल दिवसातून एकदा पाहिले तरी काही निसटणार नाही. असे असूनही तिची झोप आणि भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेली राहिली, तर तिला तिच्या डॉक्टरांकडे किंवा तिच्या कॉलेजच्या समुपदेशकाकडे न्यावे. वैद्यकीय शिक्षणाची इच्छा असलेल्या मुलांना मदत मागण्याची लाज वाटते. आईने पहिल्यांदा हे मोकळेपणाने बोलून दाखवले तर ती कमी होते.

प्रश्न : माझी नात शिकागोला असते. तिला एमकॅट या तिकडच्या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत ५१९ गुण मिळाले आहेत. आमच्या वेळी गुणपत्रिका पाहून मेडिकलला प्रवेश मिळत असे आणि आजही आपल्याकडे नीटच्या ७२० गुणांवर सारे ठरते. मग तिकडे एवढे गुण असलेल्या मुलांना आठ-आठ मिनिटांच्या मुलाखतींसाठी का उभे करतात? आठ मिनिटांच्या बोलण्यावरून डॉक्टर कसा ओळखणार?
— एक आजोबा, कोल्हापूर

उत्तर : आजोबा, आपल्या नातीचे अभिनंदन. ती परीक्षा ४७२ ते ५२८ या गुणांमध्ये मोजली जाते, तेव्हा ५१९ ही मोठीच कामगिरी आहे. पण मुलाखतीचे बोलावणे येते तेव्हा त्या गुणांनी आपले काम बहुतांशी पार पाडलेले असते. समोर बसलेला उमेदवार अभ्यास पेलू शकेल याची समितीला खात्री पटलेली असते आणि मुलाखतीत त्यापलीकडचे पाहायचे असते.

आपण म्हणता त्या आठ मिनिटांच्या मुलाखतींना ‘मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू’ म्हणतात. या शतकाच्या सुरुवातीला कॅनडातील हॅमिल्टन येथील मॅकमास्टर विद्यापीठात ही पद्धत तयार झाली, आणि ती ज्या शंकेतून तयार झाली ती आपलीच शंका आहे. एकच मुलाखतकार, एकच तासभराची भेट, त्यात सूर जुळला की सारे जुळले आणि नाही जुळला की सारे गेले, हे न्याय्य नाही असे तेथील प्राध्यापकांना वाटले. म्हणून त्यांनी एका मोठ्या मुलाखतीऐवजी अनेक छोट्या मुलाखती ठेवल्या. उमेदवार दारावर लावलेला प्रसंग दोन मिनिटे वाचतो, आत जाऊन सुमारे आठ मिनिटे बोलतो, घंटा वाजली की पुढच्या दाराशी जातो आणि तेथे त्याला नवाच परीक्षक भेटतो. एका खोलीत बिघडले तर दुसऱ्या खोलीत ते कोणाला माहीत नसते. सर्वच संस्था ही पद्धत वापरत नाहीत. अनेक ठिकाणी अजूनही अर्ध्या-पाऊण तासाची समोरासमोरची मुलाखत असते, आणि २०२० च्या साथीनंतर बऱ्याच मुलाखती पडद्यावर होऊ लागल्या आहेत.

मुलाखत आपल्याकडे अगदीच परकी आहे असेही नाही. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात नीटच्या गुणांवरून बोलावल्यानंतरही उमेदवारांची मुलाखत होते. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या स्वतंत्र प्रवेश परीक्षेत तर नीट येण्यापूर्वी गांधीविचारांची वेगळी प्रश्नपत्रिका असे. डॉक्टर होऊ पाहणाऱ्याने खेड्याकडे आणि गरिबाकडे कसे पाहावे हे प्रवेशाच्या दाराशीच विचारले पाहिजे, असे तेथे कोणाला तरी वाटले होते, आणि मला आजही ते पटते.

आपल्या मुलांची मला मुलाखतींमध्ये जाणवलेली अडचण अशी, की ती उत्तरे पाठ करून येतात. ‘डॉक्टर का व्हायचे आहे’ असे विचारले की बहुतेकदा आजीच्या आजारपणाची गोष्ट येते. ती गोष्ट खरी असते, पण इतकी घोटलेली असते की तिच्यातील आजीच नाहीशी होते. एका मुलीला मी विचारले, की दवाखान्यात आजीला डॉक्टरांचे बोलणे मराठीत सांगताना तुला कोणता शब्द सापडला नाही? ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, की ‘पॅलिएटिव्ह’ (आजार बरा करण्याऐवजी त्रास कमी करणारे उपचार) या शब्दासाठी तिच्याजवळ मराठी शब्द नव्हता, म्हणून तिने आजीला सांगितले, ‘आता ते तुला दुखू देणार नाहीत’, आणि आपण अर्धेच सांगितले हे तिला अजून खुपते. त्यानंतरची दहा मिनिटे आम्ही खऱ्या वैद्यकाविषयी बोललो. रुग्णाला किती सांगावे, कोणी सांगावे, आणि नातवंडावर दुभाष्याचे ओझे टाकावे का, हे सारे त्यात आले. ती पाठ केलेली गोष्ट सांगून थांबली असती तर मला यातले काहीच दिसले नसते.

आपल्याला नातीसाठी काही करायचे असेल तर तिला व्हिडिओ कॉलवर आपल्या रक्तदाबाच्या गोळ्या किंवा मधुमेहाचे पथ्य सोप्या मराठीत समजावून सांगायला लावा, आणि न समजले तर ‘समजले नाही’ असे स्पष्ट म्हणा. इतकी चांगली तयारी पैसे देऊनही मिळणार नाही.

प्रश्न : माझे वय २४ आहे आणि अर्ज करण्याची ही माझी दुसरी वेळ. या वर्षी एकच मुलाखत झाली आणि तेथे मी प्रतीक्षा यादीत आहे. मेमध्ये नवे अर्ज सुरू होतील. पुन्हा अर्ज भरला तर मीच आशा सोडली असे होईल का? माझे आईबाबा म्हणतात, की दोन वर्षे वाया गेली.
— एक वाचक, सिॲटल

उत्तर : नव्या अर्जाची तयारी आजच सुरू कर. त्याने आशा सोडल्यासारखे होत नाही, कारण यादीत नाव असताना नवा अर्ज भरण्यास कोणतीही आडकाठी नाही आणि यादीतून बोलावणे आले तर नवा अर्ज मागे घेता येतो. उलटे मात्र करता येत नाही. जुलैअखेरपर्यंत नुसती वाट पाहून नंतर अर्ज भरलास तर फार उशीर झालेला असेल, कारण बहुतेक संस्था अर्ज जसजसे येतात तसतसे मुलाखतीची बोलावणी पाठवत जातात.

आईबाबांना तू हे सांगू शकतेस, की अमेरिकेत पहिल्या वर्षाला बसणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक विद्यार्थी पदवीनंतर एक किंवा अधिक वर्षांच्या अंतराने आलेले असतात. चोवीसाव्या वर्षी तू मागे पडलेली नाहीस. वर्षे वाया गेली की नाही हे त्या वर्षांत तू काय केलेस यावर ठरेल, आणि तू मला ते पत्रात लिहिलेले नाहीस याची मात्र मी नोंद घेतली आहे. ते तुझ्या नव्या निबंधात पहिल्या परिच्छेदात यायला हवे.

जुना अर्ज जसाच्या तसा पुन्हा पाठवू नकोस. समितीकडे तुझा मागील अर्ज असू शकतो आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचले जातात. ज्यांनी नकार दिला त्यांतील काही संस्था विचारल्यास अर्जाविषयी अभिप्राय देतात, त्यांना मे-जूनमध्ये नम्रपणे विचार. बऱ्याच ठिकाणी अर्ज करूनही एकाच ठिकाणाहून बोलावणे आले असेल तर अडचण मुलाखतीत नसून तिच्या आधी आहे, म्हणजे संस्थांच्या निवडीत, अर्जाच्या वेळेत किंवा निबंधात. तू किती ठिकाणी आणि कोणत्या महिन्यात अर्ज केलास ते आधी कागदावर मांड. इतर राज्यांतील सरकारी मेडिकल स्कूले आपापल्या राज्यातील उमेदवारांना पुष्कळ झुकते माप देतात, तेव्हा यादीत तशी किती नावे होती तेही पाहा. एमकॅटचे गुण बहुतेक ठिकाणी दोन किंवा तीन वर्षेच ग्राह्य धरतात. तुझ्या परीक्षेची तारीख आणि प्रत्येक संस्थेची अट जुळवून पाहिल्याशिवाय पैसे भरू नकोस.

ज्या प्राध्यापकांनी शिफारसपत्र दिले होते त्यांना या आठवड्यातच लिही, त्यांना पत्र अद्ययावत करायला वेळ लागतो. गुणपत्रिका मेमध्येच मागव. जूनमध्ये अर्ज तपासण्याच्या रांगेत चार ते सहा आठवडे सहज जातात आणि एक गुणपत्रिका न पोचल्यामुळे त्या रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहण्याची वेळ दुसऱ्या वर्षी तरी तुझ्यावर येऊ नये.