वाचकांचे प्रश्न : थंडीच्या शहरातलं विजेचं काम

प्रश्न : मालवणात माझं इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स आहे. मुलगा कॅनडात ओटावाला असतो. त्याच्या तळघरातल्या मेन पॅनेलमध्ये फेब्रुवारीत वायरींच्या वरच्या पाइपमधून पाणी ठिबकलं. बाहेर बर्फ, पाऊस नाही, वर नळही नाही. बाहेरून पाइपचं तोंड सिलिकॉनने बंद कर असं त्याला सांगू का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : नका सांगू. आपल्याकडे झड मारते तेव्हा पाणी बाहेरून आत येतं, म्हणून आपला हात आधी बाहेरच्या तोंडाकडे जातो. तिथे बहुधा उलटं झालेलं असतं. ते पाणी घरातलंच आहे.

घरात २१ अंश तापमान आणि ४० टक्के आर्द्रता असेल, तर साधारण ७ अंशांपेक्षा गार असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर त्या हवेला पाणी सुटतं. माठातलं पाणी भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम येतो ना, तसंच. पॅनेलमधून निघालेली कंड्युइट, म्हणजे वायरींचा पाइप, भिंत ओलांडून मीटरकडे जाते आणि तिचा बाहेरचा भाग उणे २५ अंशांत असतो. गरम हवा हलकी, ती पॅनेलमधून त्या पाइपात शिरून वर चढते आणि आतल्या बाजूला दहिवर होऊन गोठते. कडाक्याच्या थंडीत एक थेंबही दिसत नाही. दोन-चार दिवसांनी ऊन पडून पारा चढला, की साठलेला बर्फ एकदम वितळून खाली उतरतो. मुलाला नेमकं हेच विचारा : पाणी कधी दिसलं? थंडी ओसरली त्या दिवशी दिसलं असेल, तर दोष आतल्या हवेचा. पावसात किंवा छपरावरचा बर्फ वितळताना दर वेळी येत असेल, तर बाहेरचा सांधा तपासायचा.

उपाय आतल्या बाजूला आहे. कंड्युइट पॅनेलमध्ये उघडते तिथे वायरींच्या भोवती आणि मधल्या फटींत डक्ट-सील नावाची मऊ लांबी (पुट्टी) दाबून भरतात. ती कडक होत नाही, म्हणून पुढे वायर बदलायची झाली तर बोटाने काढता येते. फोम फवारू नये, तो नंतर खरवडून निघत नाही. बाहेरचं तोंड बंद केलंत, तर ओल आतच कोंडून राहील.

हे काम मुलाने स्वतः करू नये. त्या पाइपातल्या वायरी मेन ब्रेकरच्या आधीच्या आहेत. मेन पाडला तरी त्या जिवंतच राहतात. वीज कंपनीकडून पुरवठा तोडून घेऊन लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरनेच तिथे हात घालायचा. त्याच वेळी लग, म्हणजे वायर कसून बसवायचे धातूचे सांधे, पाहून घ्या : तांब्यावर हिरवट थर, अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी, स्क्रूला गंज. ज्या ब्रेकरमध्ये पाणी शिरलं तो वाळवून परत बसवायचा नाही, बदलायचाच. आत गंजलेली यंत्रणा वरून कोरडी दिसते आणि नेमक्या वेळी ट्रिप होत नाही, म्हणजे वीज तोडत नाही. २०२१च्या जुलैतल्या पुरात चिपळुणात जे एमसीबी (आपल्याकडचे घरगुती ब्रेकर) पाण्याखाली गेले, त्यांनाही हाच नियम.

घरातली आर्द्रता ३०-३५ टक्क्यांवर आणली तर निम्मं दुखणं तिथेच कमी होतं. तळघरात कपडे वाळत घालत असतील, तर ते आधी थांबवा.

हीच गोष्ट बाहेरच्या भिंतीतल्या स्विचबॉक्सची. भिंतीत ऊबरोधक कापसाच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचा पापुद्रा असतो आणि बॉक्ससाठी तो कापावा लागतो. म्हणून बॉक्सला कॉलर असलेलं प्लास्टिकचं आवरण बसवून ते पापुद्र्याला सीलंटने जोडतात, वायर शिरते तिथेही सील करतात. हे राहिलं, की हिवाळ्यात सॉकेटच्या प्लेटमधून गार झुळूक लागते आणि भिंतीच्या पोटात लाकूड ओलं होत राहतं.

प्रश्न : आयटीआय इलेक्ट्रिशियन आहे, चिपळूणला वायरमन म्हणून काम करतो. ओटावाला गेल्यावर इथल्या परवान्यावर काम करता येईल का? एक एजंट ‘लायसन्स मिळवून देतो’ म्हणतो.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही. महाराष्ट्राचा वायरमन परवाना किंवा सुपरवायझरचं प्रमाणपत्र तिथे चालत नाही. ओटावा ऑन्टारिओ प्रांतात येतं. तिथे घरं-इमारतींच्या वायरिंगचा ट्रेड ‘३०९ए’ म्हणून ओळखला जातो. नव्याने शिकणाऱ्याला ९००० तास भरावे लागतात : ८१६० कामावर आणि ८४० वर्गात. परदेशात अनुभव घेतलेल्या माणसाला ‘स्किल्ड ट्रेड्स ऑन्टारिओ’ या संस्थेकडे समकक्षता तपासणीचा अर्ज करता येतो. तो मान्य झाला, की परीक्षा. उत्तीर्ण व्हायला ७० टक्के लागतात. हे टप्पे कुठलाही एजंट तुमच्या वतीने पार करू शकत नाही. त्या नावाखाली कोणी पैसे मागत असेल, तर देऊ नका.

अडतं ते कागदांवर. ‘यांनी आमच्याकडे चार वर्षं समाधानकारक काम केलं’ एवढ्या पत्राने भागत नाही. प्रत्येक मालकाकडून तारखा, एकूण तास आणि नेमकी कामं लिहून घ्या : कंड्युइट टाकणं, पॅनेल जोडणं, मोटर कंट्रोल, अर्थिंग, दोष शोधणं. रोज ८ तास, वर्षाला ३०० दिवस धरले तर ८१६० तासांना जवळपास साडेतीन वर्षं लागतात. तासांची नोंदवही आजपासून घाला. मागचा मालक गाव सोडून गेला, की त्याची सही मिळवणं फार जड जातं.

इलेक्ट्रिशियन झालात म्हणजे कॉन्ट्रॅक्टर झालात असंही नाही. प्रमाणपत्रानंतर किमान ३ वर्षांचा अनुभव, मग मास्टर इलेक्ट्रिशियनची वेगळी परीक्षा. कॉन्ट्रॅक्टरच्या लायसन्ससाठी फर्ममध्ये असा एक मास्टर नेमलेला हवा आणि किमान २० लाख डॉलरचा दायित्व विमा हवा. कामाची सूचना ‘इलेक्ट्रिकल सेफ्टी अथॉरिटी’कडे द्यावी लागते, फार तर काम सुरू झाल्यापासून ४८ तासांत. तपासणीआधी भिंत झाकली, तर ती पुन्हा उघडावी लागते.

थंडीचा अभ्यास इथूनच सुरू करा. पीव्हीसी पाइप १ अंशाला दर मीटरमागे सुमारे ०.०५२ मिमी लांबी बदलतो. उणे ३० ते अधिक ३० असा ६० अंशांचा फरक धरला, तर ३ मीटरचा पाइप ९ मिमीहून जास्त हलतो. त्यात गोठलेली जमीन फुगून वर उचलली जाते. म्हणून जमिनीतून मीटरकडे चढणाऱ्या पाइपला सरकता सांधा द्यावा लागतो. तो विसरला, तर पाइप मीटरच्या पेटीतून ओढला जातो किंवा पेटीच भिंतीवरून सुटते. साधी केबल वाहनं जात नाहीत तिथे ६०० मिमी खोल पुरतात, पण गारठा त्याच्या खूप खाली पोचतो. तेव्हा वाळूची गादी आणि टोकाला थोडी ढिली केबल हवीच. केबलचं गुंडाळं रात्री बाहेर ठेवू नये. गारठलेलं वेष्टन वाकवताना तडकतं आणि तडा लगेच दिसत नाही.

प्रश्न : इथली हत्यारं तिकडे नेऊ का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : १००० व्होल्टचं इन्सुलेशन असलेली पक्कड न्या. ड्रिल नेऊ नका, तिथे साध्या सॉकेटला १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असतं. चौकोनी खाचेचे रॉबर्टसन स्क्रू सर्रास, त्यांचे पेचकस तिथेच घ्या. वायर गेजमध्ये मोजतात आणि आकडा वाढला की वायर बारीक होते : १४ गेज म्हणजे २.०८ चौ. मिमी, १५ अँपिअर. १२ गेज म्हणजे ३.३१ चौ. मिमी, २० अँपिअर.

हत्याराइतकीच सवयही बदलावी लागते. आपल्याकडे काळी वायर म्हणजे न्यूट्रल, हे हातात इतकं भिनलेलं असतं की डोळे न वळवता काळी पकडली जाते. तिथे काळी फेज (जिवंत वायर) असते, तांबडीही फेज, न्यूट्रल पांढरी. आणि जुन्या घरांत स्विचकडे उतरलेली पांढरीही कधी फेज निघते. निऑन टेस्टरवर विसंबू नका, १२० व्होल्टला त्याचा दिवा मंद लागतो आणि उजेडात दिसत नाही. व्होल्ट मोजायचा मीटर आधी चालू असलेल्या सॉकेटवर लावून पाहा, मग वायरीवर, मग पुन्हा त्याच सॉकेटवर. बाहेर काम करताना मीटर कोटाच्या आत ठेवा. गारठ्यात बॅटरी उतरते आणि पडद्यावरचे आकडे अडखळतात.